नऊ हातांचा पट्टा

१

पोट बांधायचं काम विजयमालाबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मालिश पवनबाईनं करावी, बाळाला न्हाऊ तिनंच घालावं, शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरीही तिनंच द्यावी. पवनबाई क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहणारी, इथलीच, हाताला हलकी. पण सव्वादहा वाजले की पट्टा घेऊन लेकीच्या खोलीत शिरायचं ते बाईंनीच. पट्टा म्हणजे त्यांच्या आईचं सुती लुगडं उभं फाडून केलेली नऊ हातांची पट्टी. बाळंतिणीला नवं कापड लावत नाहीत, धुऊन धुऊन मऊ पडलेलंच लावतात. घरातल्या चार बायकांची पोटं या पट्ट्यानं जागेवर आली होती. सांगलीहून जयपूरला निघताना डिंकाच्या लाडवांच्याही आधी तो बॅगेत गेला होता.

बाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. त्यामुळे त्यांना सगळ्या जगाच्या चुका दिसत आणि त्या लाल शाईनं दाखवल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. जावई, मेजर देवेंद्रराव, बिकानेरकडच्या वाळवंटात दीड महिन्याच्या सरावाला गेलेले. लेक अपूर्वा पहिलटकरीण. मुलगी झालेली, बारसं बापाच्या येण्यासाठी थांबलेलं. म्हणजे घरात सत्ता बाईंचीच.

"उताणी हो. श्वास सोड. अगं सोड म्हणते ना, कोंडून काय धरतेस?"

अपूर्वा आडवी झाली की तो लष्करी लोखंडी पलंग कर्रकन वाजायचा. "पलंगसुद्धा बोंबलतोय बघ," बाई म्हणायच्या. सहाव्या दिवशी पहिल्यांदा पट्टा बांधला तेव्हा साडेतीन वेढे बसले आणि गाठीपुरतं टोक उरलं. बाईंनी डाव्या कुशीवर गाठ मारली आणि पोटावर थाप दिली. "माठ झालाय नुसता! मी तुझ्या वेळी पंधराव्या दिवशी ओट्याशी उभी होते."

अपूर्वा हसली. "आई, नको ना!" म्हणाली आणि तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत, मोराच्या ओरडण्याकडे पाठ करून, तिचा फोन तिकाटण्यावर उभा होता. तो सुरू होता हे बाईंना दुसऱ्या दिवशी कळलं.

२

'फौजी मम्मा. चाळीस दिवसांत पूर्ववत.' लेकीनं उघडलेल्या दुकानाचं हे नाव. विकायला काही नव्हतं, स्वतःचं पोट सोडून. रोज अकराच्या सुमाराला वीस-बावीस सेकंदांची एक रील टाकायची, कालच्यापेक्षा आज किती बारीक झाले ते दाखवायचं. पहिली रील त्या सहाव्या दिवसाची, बाईंच्या आवाजासकट. 'माठ झालाय नुसता' हे लोकांना फार आवडलं म्हणे.

"बाउन्स बॅक म्हणतात आई याला."

"का? चेंडू आहेस?"

बघणाऱ्या बायका अकरा हजार. अकरा हजार रिकामटेकड्या! बाईंनी त्यांचे अभिप्राय चष्मा लावून वाचले. एकीनं आगीचं चित्र टाकलेलं, एकीनं नुसतेच टाळ्या वाजवणारे हात. मालवीय नगरातली कुणी एक पोट उतरवायचा चहा विकत होती. कुणी विचारत होती, 'कहाँ गया सब?' जशी काही वस्तू हरवली आहे! शिकल्यासवरल्या बायका, घरी लेकरं, नवरे, नोकऱ्या, आणि या दुसरीच्या बेंबीकडे बघत बसल्या आहेत. उथळ पाण्याला खळखळाट फार, बाईंनी मनात म्हटलं, आणि पुढचे चाळीस अभिप्रायही वाचून काढले.

रांगोळ्या बघायला म्हणून बाईंनी सांगलीतच एक खातं उघडलं होतं. नाव 'जास्वंद', चित्रही जास्वंदीचंच. बाईंच्या डोक्यात आलं, काट्यानं काटा काढावा. चार लोकांत कुणी फाडकन बोललं की पोरगी रडेल, रुसेल आणि दुकान बंद करेल. आईचं ऐकत नाही ना, मग परक्याचं ऐकेल. नवव्या दिवसाच्या रीलखाली जास्वंदीनं लिहिलं, 'कंबर अजून पिंपासारखी आहे.'

लिहून झाल्यावर त्यांना वह्या तपासून झाल्यासारखं बरं वाटलं. अपूर्वा रडली नाही. जेवताना तिनं तूप नको म्हटलं, एवढंच.

दहाव्या दिवशी सकाळी पट्ट्याचे साडेचार वेढे बसले. एका रात्रीत एक वेढा जास्त.

वायू सरला असेल, सूज उतरली असेल, बाईंनी हिशेब लावला. पट्टा पोटावर नीट बसलेला दिसत होता. पोट होतं तसंच होतं, सैल, मधोमध काळी रेघ असलेलं. टोक मात्र हातात लांबच लांब लोंबत होतं. बाईंनी गाठ मारली. आपल्या आईच्या पट्ट्याचा गुण, दुसरं काय!

३

अपूर्वाच्या हातात हिरवा चुडा होता. सातव्या महिन्यात ओटीभरणाला सांगलीच्या कासारानं साबण लावून, तिला हाय हाय करायला लावून चढवलेला. "हात आहेत की मुसळं," असं बाई तेव्हा कासारासमोरच बोलल्या होत्या. कासार बिचारा खाली मान घालून हसला होता.

अठराव्या दिवशी जास्वंदीनं लिहिलं, 'बिनबाह्यांचं घालण्याआधी दंड बघावेत.'

एकोणिसाव्या दिवशी न्हाणीघरात बादलीत काहीतरी खळखळलं. पवनबाई ओरडली म्हणून बाई आत गेल्या. अपूर्वा चौरंगावर बसलेली, केस ओले, आणि चुड्याच्या सगळ्या बांगड्या बादलीच्या तळाशी. एकही फुटलेली नाही. साबणही लावलेला नाही.

"आपेआप उतर गी, मांजी," पवनबाई म्हणाली. "मैंने तो हाथ ऊपर किया बस."

बाईंनी लेकीचा हात हातात घेतला. दिसायला तोच हात, कोपराशी खळी पडणारा, गोरा, भरलेला. बाईंनी एक बांगडी घेतली आणि बोटांवर चढवली. ती मनगटावरून, कोपरावरून, दंडावरून अडखळल्याशिवाय खांद्यापर्यंत गेली. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथं काकण एक सांगत होतं आणि डोळे दुसरंच.

मग बाईंना आठवलं, नोव्हेंबरात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस वस्तू जरा मोठ्या, जरा उजळ दिसतील. झालं! एवढ्यातेवढ्याला घाबरणाऱ्या बायकांचा त्यांना तिटकारा होता. त्यांनी बांगड्या पुसून कपाटात ठेवल्या आणि अपूर्वाला म्हणाल्या, "मोठ्या मापाच्या दिल्यान् मेल्यानं. पैसे घेताना बरा बघत होता."

अपूर्वा टॉवेलात तोंड खुपसून हसत होती. "आई, फोन दे ना जरा. हे टाकायला हवं."

४

बाळाचं वजन करायची बाईंची पद्धत सोपी होती. काट्यावर आधी आई बाळाला घेऊन उभी राहते, मग एकटी. वजाबाकी करायची. दर आठवड्याला आकडे वहीत लिहायचे, सुवाच्य.

पहिल्या आठवड्याची नोंद: बाळासह एकाहत्तर पूर्णांक दोन, एकटी अडुसष्ट. बाळ तीन किलो दोनशे. "अडुसष्ट!" बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "यात माझ्यासारखी दीड बाई बसेल."

एकतिसाव्या दिवशी अपूर्वा काट्यावर उभी राहिली. बाळासह बावीस पूर्णांक सहा. एकटी अठरा पूर्णांक चार.

बाई चष्मा काढून खाली वाकल्या. पुन्हा वाकल्या. मग त्यांनी तिला उतरायला सांगून स्वतः वजन केलं. शेहेचाळीस, नेहमीचं. पवनबाईला उभं केलं. बावन्न. बाळ चार किलो दोनशे, एका महिन्याच्या लेकराला शोभेल असं, गुटगुटीत. बाळाचं बरोबर, बाईंचं बरोबर, पवनबाईचं बरोबर. काटा चुकत असेल तर सगळ्यांना सारखा चुकायला हवा. ही तर सहावीची रीत आहे.

"बॅटरी गेली असेल," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

त्या दिवशी पट्ट्याचे नऊ वेढे बसले. नऊ हात पट्टा, नऊ वेढे. वेढ्याला एक हात, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटर, गाठीला गेलेलं धरलं तर त्याहून कमी. एवढा घेर तर पोटरीचा असतो. बाईंनी पुन्हा पोटाकडे पाहिलं. समोर होतं ते पोट होतं, ओघळलेलं, सुरकुतलेलं. पण तळहाताखाली मांस लागेना. काहीतरी बारीक, टणक, ताठ लागत होतं, आणि ते श्वास घेत होतं.

आणि त्यांच्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस पलंग वाजलेला नाही.

५

बत्तिसाव्या दिवशी त्यांनी बाळाकडे नीट पाहिलं. खरं तर पवनबाईनं पाहायला लावलं.

"मांजी, बुरा मत मानना. छोरी माँ की तरफ मुँह ही नहीं करती."

"असं काही नसतं. लहान मुलांना उजेड आवडतो."

"थे देखो तो सही," पवनबाईनं पलंगाकडे बोट केलं.

अपूर्वा पलंगावर मांडी घालून बसली होती, पदराखाली बाळ. बाळाच्या पोटात भूक होती. इवलंसं तोंड उघडून ते डोकं इकडून तिकडे घुसळत होतं. आईच्या छातीला गाल लागला तरी ते तिथं थांबलं नाही. मान वळवून, सगळा जोर लावून, ते खिडकीकडे तोंड करत होतं. खिडकीत फोन होता. फोनवर कालची रील पुन्हा पुन्हा चालू होती. तिच्यातली अपूर्वा वेताच्या काठीसारखी सरळ, सपाट, हसरी, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होती.

"इकडे बघ गं छकुली," अपूर्वा म्हणाली, पण तिच्या बोलण्यात काळजी अशी नव्हती. तिनं हात लांब करून तिकाटणं जवळ ओढलं आणि फोन बाळासमोर धरला.

बाळ गप्प झालं. त्याचे ओठ पुढे आले, जीभ हलायला लागली. घुटूक, घुटूक. घशातून उतरतानाचा तो आवाज दोन बाळंतपणं केलेल्या बाईला ओळखता येणार नाही असं होतं का? फोन वीतभर लांब होता. बाळाच्या तोंडात काही नव्हतं. पाच मिनिटांनी त्यानं तोंड मिटलं, मूठ सैल सोडली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा पांढरा ओघळ हनुवटीवर आला.

पवनबाई धुरीची शेगडी तिथंच टाकून बाहेर गेली. ती दुपारी आली नाही, दुसऱ्या दिवशीही आली नाही.

सकाळचं दूध उलटलं असेल. बाईंनी पदरानं ते पुसलं. बोटाला कोमट लागलं, वासही दुधाचाच आला. बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. भीती वाटते असं त्या आयुष्यात कुणाला म्हणाल्या नव्हत्या. आता म्हणायला घरात कुणी नव्हतं. वाळवंटात फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी जावयाला काय सांगणार? तुमची बायको दिसते तेवढी नाही?

त्यांनी स्वतःचा फोन काढला. जास्वंदीनं त्या दिवशीच्या रीलखाली लिहिलं, 'छान दिसतेस.' मग ते शब्द त्यांना फार परके वाटले. चौतीस वर्षांत कुठल्या वहीवर त्यांनी 'बरे आहे'च्या पुढे काही लिहिलं नव्हतं. कौतुकानं पोरी बिघडतात. त्यांनी ते खोडलं.

६

चौतिसाव्या दिवशी पट्टा बांधायला त्या उशिरा, लेकीची रील टाकून झाल्यावर गेल्या. त्यांनी वेढे मोजलेच नाहीत. गाठ मारली आणि पलंगाच्या कडेला बसल्या. पलंग वाजला, त्यांच्या वजनानं.

"अपू, हे बास कर आता."

"सहाच दिवस राहिलेत. मग बगरूच्या छाप्याची ती पिवळी साडी नेसून कानोत्याच्या धरणावर फोटो काढायचेत."

"खड्ड्यात गेले फोटो! तुला काहीतरी होतंय. तू खात नाहीस. तुझं वजन…"

"आई." अपूर्वा कुशीवर वळली. "तुला मी आज कशी दिसते?"

बाईंनी पाहिलं. खरं बोलायची त्यांना सवय होती. "आहेस तश्शीच. भरलेली."

अपूर्वा हसली. "मला टायफॉइड झाला होता आठवीत. अडतीस किलो झाले होते. डॉक्टर घाबरले होते. आणि तू म्हणालीस, गाल तेवढे वर आलेत. तुला मी कधी बारीक दिसलेच नाही गं. तू बघतेस कुठं माझ्याकडे? तुझं ठरलेलं आहे."

"लोक काय वाट्टेल ते लिहितात, त्यांच्या नादी लागून…"

"लोकांचं मी वाचतसुद्धा नाही. अकरा हजार बायका आहेत, कोण कुठल्या! मी एकीचंच वाचते. जास्वंदीचं."

बाईंच्या कानात गरम झालं.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. पिंपासारखी कंबर तू लहानपणापासून म्हणतेस. मला वाटलं, बरं झालं, आई बघते तरी. तू कंबर म्हणालीस, मी कंबर पाठवून दिली. दंड म्हणालीस, दंड दिले. आता सगळं तिकडं नीट आहे बघ, तुला हवं तसं." तिनं फोनकडे बोट केलं. "आता फक्त फोनला हात लावू नकोस हां. बाळ उपाशी राहील."

शरम वाटली की माणसं रडतात, पाया पडतात, माफी मागतात. बाईंना शरम वाटली की राग यायचा. पन्नास वर्षांची खोड ती. त्या उठल्या, खिडकीतला फोन तिकाटण्यावरून उचकटला आणि बाहेरच्या खोलीत चालत्या झाल्या.

"आई!" मागून हाक आली. पण पलंग वाजला नाही, पावलंही वाजली नाहीत.

७

फोन उघडायला चार आकडे लागत होते. बाईंनी लेकीची जन्मतारीख घातली, जमलं नाही. लग्नाचं साल घातलं, जमलं नाही. मग उगाच स्वतःचं जन्मसाल घातलं. फोन उघडला.

त्या क्षणी तरी थांबायला हवं होतं. पण बाई आता तपासायला बसल्या होत्या. एकोणतीस रील, ओळीनं मांडलेल्या, शेवटची सर्वांत वर. बाईंनी चौतिसावा दिवस उघडला. काढून टाकायचं? हो. तेहेतिसावा. हो. थेरं सगळी! बत्तिसावा. हो. एकतिसावा. हो.

आतून अंगाईचा आवाज येत होता. अपूर्वाला गाता येत नसे, ती नुसतं गुणगुणायची, गाई गाई करत. पंचविसाव्या दिवसापर्यंत ते गुणगुणणं स्पष्ट ऐकू येत होतं. विसाव्याच्या सुमाराला ते शेजारच्या क्वार्टरमधून आल्यासारखं झालं. बाईंना वाटलं, रुसून तोंड भिंतीकडे केलं असेल. करू दे. दोन दिवस रडेल, मग पानावर बसून मऊ भात-तूप खाईल, आणि देवेंद्ररावांच्या हातात मी धडधाकट बायको देईन. सतरावा. हो. पंधरावा. हो. त्यांना हातात लाल पेन असल्याचा भास होत होता. बारावा. दहावा. नववा, पिंपाचा. हो, हो, हो.

सातवा दिवस काढला आणि गुणगुणणं थांबलं.

एक राहिली होती, सहाव्या दिवसाची. तिच्यावर बोट ठेवून बाई थांबल्या, कारण आत बाळ रडायला लागलं. रडणं भुकेचं होतं. नेहमी दोन हुंदक्यांत अपूर्वा त्याला उचलायची. दोन झाले, दहा झाले. रडणं चिरकायला लागलं.

"अपू, घे गं तिला."

मोर ओरडला. कुठेतरी गाडी मागे घेत होते. बाई उठून दारात गेल्या.

बाळ पलंगाच्या मधोमध पाय झाडत होतं. त्याच्या शेजारी पट्टा होता. सुटलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. एकावर एक नीट वेढे बसलेले, डाव्या अंगाला त्यांनीच तासाभरापूर्वी मारलेली गाठ, आणि आत पोकळ. त्या पोकळीतून बांगडीसुद्धा गेली नसती. बाईंनी हात लावला. कापड अजून गरम होतं, आणि हात लागताच ते एकदा, अगदी हळू, आत ओढलं गेलं आणि पुन्हा सैल पडलं.

न्हाणीघराचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मागच्या दाराची कडी आतून होती, पुढच्या दाराशी तर त्या स्वतःच बसल्या होत्या. बाईंनी पलंगाखालीही पाहिलं. नंतर त्यांनी अपूर्वाला हाक मारली, आधी दरडावून, मग साधी, आणि मग त्यांना स्वतःलाच ऐकवेना अशी.

८

बाळ दोन तास रडलं. वाटीचमच्यानं दूध दिलं, ते त्यानं थुंकून टाकलं. साखरेचं पाणीही थुंकलं. रडून रडून ते निळसर पडायला लागलं तेव्हा बाईंनी फोन उघडला आणि ती उरलेली रील लावून बाळासमोर धरली.

बाळानं ओठ पुढे केले. घुटूक, घुटूक.

बाईंनी पहिल्यांदाच ती रील नीट पाहिली. बावीस सेकंद. खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं. अपूर्वा उताणी, केस विस्कटलेले, चेहरा घामानं चमकणारा, पोट मोठं, जड, जिवंत. किती सुंदर दिसत होती पोर! बाईंना हुंदका आला तो आवरेना. तेवढ्यात फोनमधून कुणीतरी म्हणालं, "पलंगसुद्धा बोंबलतोय बघ." मग थाप वाजली. "माठ झालाय नुसता!" अपूर्वा हसली, "आई, नको ना!" आणि तिनं बाहेर बघितलं, सरळ बाईंच्या डोळ्यांत. रील संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

पलंगसुद्धा बोंबलतोय बघ.

बाईंनी आवाज बंद करून पाहिला. बाळानं तोंड सोडलं आणि किंचाळायला लागलं. त्यांनी आवाज पुन्हा सुरू केला.

दर अडीच तासांनी पंधरा मिनिटं. बाईंनी न विसरता तेवढं केलं, रात्र आणि दुसरा दिवस. फोन चार्जरवरून काढला नाही. आपल्या फोनवरून जास्वंदीनं त्या रीलखाली लिहिलं, 'छान दिसतेस, अपू. फार छान दिसतेस.' या वेळी खोडलं नाही. उत्तराची वाट बघत त्यांनी ती ओळ शंभरदा वाचली. त्यांच्या त्या ओळीवर दुसऱ्या ओळी येऊन पडत होत्या. त्या अकरा हजार जणी जाग्या झाल्या होत्या. बाकीच्या रील कुठे गेल्या? हे तर सुरुवातीचं. बिफोर बघितलं, आफ्टर कुठाय? आफ्टर दाखवा. आगीची चित्रं, टाळ्यांचे हात. आफ्टर, आफ्टर, आफ्टर.

पस्तिसाव्या दिवशी चार वाजता फाटकाशी गाडी थांबली. बुटांचा आवाज पायऱ्या चढून आला आणि देवेंद्ररावांचा मोकळा, वाळवंटानं घोगरा झालेला आवाज दारातूनच आत शिरला. "अपू! कुठेस? आई, अपूर्वा कुठाय?"

बाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर बाळ, एका हातात फोन, शेजारी गाठ न सोडलेला पट्टा. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण बोलल्या त्या नाहीत. बाळ मजेत पीत होतं, आणि फोनमधून त्यांचाच खणखणीत आवाज जावयाला ऐकू गेला.

"माठ झालाय नुसता!"